आजोबांची दुनळी वेल्डरकडे नेण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. आजोबांची इंग्लिश बनावटीची दुनळी बारा बोअर, बिनघोड्यांची. वडील गेल्यावर परवाना रीतसर तुमच्या नावावर झाला आणि बंदूक कातडी म्यानातून बाहेर निघाली. उजव्या नळीला तोंडापासून वीतभर अंतरावर पोचा आहे. दोन्ही नळ्यांवर गंज आहे. बंदूक मिटल्यावरही नळ्या किंचित हलतात. बार उडवणारा आतला डावा खटका कधी धरतो, कधी नाही. दस्त्याला मुठीपाशी तडा गेलाय. तालुक्याचा वेल्डर म्हणतो, सांध्यावर दोन टाके मारले की नळ्या हलायच्या थांबतील. सुतार म्हणतो, तडा चिकटवून वर पितळी पट्टी ठोकू. एवढ्यावर ती भातातल्या रानडुकरांसाठी पुन्हा वापरता येईल की भिंतीवर लावून ठेवावी, असं तुम्ही विचारताय.

वेल्डरकडे नेऊ नका. बाकीचं उत्तर लांब आहे आणि त्यातलं बरंचसं नळ्या मोजल्याशिवाय ठरणार नाही. पण ही एक गोष्ट मोजमापावर अवलंबून नाही.

तुम्ही पाच तक्रारी दिल्यात. मला त्यांच्यामागे दोनच कारणं दिसतात, आणि त्यातलं मोठं कारण तुम्ही यादीत धरलेलंच नाही. ते तुमच्या शेवटच्या ओळीत आलंय: "वडील म्हणायचे, अलीकडची काडतुसं फार लाथ मारतात." माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे.

नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला मुकुट आणि बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं आहेत आणि शेजारी अडीच इंच लिहिलंय, असं तुम्ही कळवलंत. हे शिक्के बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे. तिथे प्रत्येक नळी मुद्दाम जास्त दारू भरून उडवून बघतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. 1813 सालच्या कायद्याने ते प्रूफ हाऊस उभं राहिलं. मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही ही अक्षरं 1904 पासूनची. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी इंचांत कोरलेली आहे आणि दाबाचा टनांतला आकडा नाही, म्हणजे बंदूक साधारण 1925 ते 1954 मधली. एनपी म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, ही चांगली गोष्ट. पण तो शिक्का तेव्हाच्या नळीला मिळालेला आहे. आज त्या नळीत किती लोखंड उरलंय, हे शिक्का सांगत नाही.

आता तो अडीच इंच. मिलिमीटरमध्ये त्याला आपण 65 चं चेंबर म्हणतो. बाजारात मिळणारी बरीच काडतुसं 70 मिलिमीटरची असतात. काडतुसाची लांबी मोजतात ती उडून तोंड उघडल्यानंतरची. म्हणून 70 चं न उडवलेलं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये अगदी अलगद बसतं, बंदूकही सहज मिटते आणि कुणाला काही शंका येत नाही. बार उडाला की काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते. चेंबर संपून नळी जिथे अरुंद होत जाते त्या उतारात ते उघडतं, छर्रे आणि बूच तिथून दाबून बाहेर पडतात आणि दाब वाढतो. एका बाराने सहसा काही दिसत नाही. पण हंगामामागून हंगाम तसे बार झाले की तो जास्तीचा धक्का सांध्याच्या खिळीवर, दस्त्याच्या लाकडावर आणि उडवणाऱ्याच्या खांद्यावर येतो. वडिलांना जी लाथ जाणवत होती, तीच सांध्याला आणि दस्त्यालाही बसत होती.

तेव्हा माझा अंदाज असा आहे. हलणाऱ्या नळ्या आणि दस्त्याचा तडा हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत, आणि डावा खटकाही बहुधा त्यातच येतो, त्याचं पुढे सांगतो. पोचा आणि गंज हे वेगळं प्रकरण आहे, ते ठेवण्यातलं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बऱ्याचदा बंदुका जमा कराव्या लागतात. तेव्हा त्या एकावर एक रचल्या गेल्या की नळीला पोचा येतो. परत आणल्यावर कातडी म्यानात घालून पेटीत ठेवल्या की पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि ती ओल महिनोन्महिने नळीला चिकटून राहते. माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान घाटावर आहे, पण कोकणातून येणाऱ्या जुन्या बंदुकांपैकी निम्म्या तरी म्यानात गंजलेल्या असतात. मालकाची समजूत असते की म्यानात ठेवली म्हणजे जपली.

हे सगळं अंदाजावर न ठेवता घरच्या घरी काही गोष्टी बघता येतात. दोन्ही चेंबर रिकामी आहेत ना, हे आधी डोळ्यांनी आणि मग बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. "एक बार काढून बघतो" असं मनातही आणू नका. सेफ्टी मागे ओढलेली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. या धाटणीच्या बहुतेक दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते. खटका झिजून निसटायच्या बेतात असेल तर तिला तो रोखता येत नाही.

नळ्या वेगळ्या करा आणि उजेडाकडे धरून आत बघा. कुंभारीण माशी आपल्याकडे कुठल्याही नळीत मातीचं घर बांधते, आणि बंदुकीच्या नळीला ती अपवाद करत नाही. नळी फुगलेल्या ज्या बंदुका माझ्याकडे आल्या, त्यांतल्या काहींत कारण एवढंच होतं: वर्षभर न वापरलेली बंदूक, आत सुपारीएवढा मातीचा गोळा, आणि रात्री डुकरं आली म्हणून घाईत भरून उडवलेला बार. आत साफ दिसलं तर नळी खिडकीच्या चौकटीकडे रोखून हळूहळू फिरवा. चौकटीची कड आत सरळ रेघेसारखी दिसायला हवी. पोचा असेल तिथे रेघ आत वाकते. फुगवटा असेल तिथे सावलीचं पूर्ण कडं दिसतं. पोचा आहे की फुगवटा, यावर बंदुकीचं पुढचं सगळं ठरतं. पोचा म्हणजे बाहेरून मार बसून लोखंड आत गेलेलं. ते बहुतेक वेळा परत आणता येतं. फुगवटा म्हणजे आतल्या दाबाने लोखंड ताणून पातळ झालेलं, ते परत येत नाही.

मग नळ्यांचा जोड खालच्या आकड्यात (हुकात) दोरी अडकवून लोंबता धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, रेंगाळणारा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्या घट्ट आहेत. भद्द किंवा फुटक्या भांड्यासारखा आवाज आला तर कुठेतरी झाळ सुटलीय आणि पट्टीखाली पाणी शिरतंय.

हलणाऱ्या सांध्यासाठी पुढचं लाकूड काढून ठेवा, नळ्या चढवून बंदूक मिटा, मुठीला धरून हलवा. मिटताना नळीची मागची कड आणि तिच्यामागचा पोलादी चेहरा यांच्यात पातळ कागदाची पट्टी ठेवून बघा. कागद घट्ट धरला गेला तर ठीक, सहज सुटून आला तर फट आहे. मिटलेल्या बंदुकीवरची वरची कळ कुठे येऊन थांबते तेही बघा. नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. झिजेल तशी मधे येते, मग डावीकडे जाते.

इथपर्यंत तुम्ही बघू शकता. यापुढचं मोजमाप गेजशिवाय होत नाही, आणि गेज परवानाधारक कारागिराकडेच असतात. ज्यावर सगळं अवलंबून आहे असं मी म्हणालो, ते हेच. बारा बोअरचा आतला व्यास नाममात्र 18.5 मिलिमीटर. शिक्क्यांमध्ये मूळ व्यासही कोरलेला असतो. आज मोजलेला व्यास त्यापेक्षा साधारण दहा थाऊंनी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटरने, वाढलेला निघाला तर इंग्लंडच्या नियमांनुसार तो शिक्का रद्दच समजतात. आणि भिंतीची जाडी. नळी चेंबरपाशी जाड असते, पुढे पातळ होत जाते आणि तोंडाच्या अलीकडे नऊ-दहा इंचांवर बहुधा सगळ्यात पातळ असते. तुमचा पोचा याच पट्ट्यात आहे. तिथे कुठेही 20 थाऊंपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, कमी लोखंड असेल तर ती बंदूक बारासाठी मी परत देत नाही. मालक कितीही आग्रह करो. 25 च्या वर असेल तर मोकळ्या मनाने काम करतो. या दोहोंच्या मधली असेल तर मालकाला समोर बसवून आकडे दाखवतो आणि गंजाचे खड्डे किती खोल आहेत यावर ठरवतो.

ही शिस्त मी चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याची दुनळी आली होती, आत गंजाचे बारीक खड्डे होते. मी एमरी लावून नळी आरशासारखी केली. तो खूश, मीही खूश. काही महिन्यांनी जाडीचं गेज हाती आलं तेव्हा तीच बंदूक परत मागवून मोजली. खड्ड्यांसकट जेवढं लोखंड होतं, चमकावल्यावर त्यापेक्षा कितीतरी कमी उरलं होतं. मी त्या माणसाला सांगितलं की आता ही उडवायची नाही, आणि का ते सांगताना मला फार जड गेलं. त्याच्या वडिलांची बंदूक होती ती. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी नळीच्या आत कागदसुद्धा घासत नाही. तुम्हालाही तेच सांगेन: गंज दिसतोय म्हणून घरी पॉलिश पेपर लावू नका. पातळ तेलात भिजवलेली अगदी बारीक स्टील वूल बाहेरून हलक्या हाताने फिरवा, वरची लाली निघेल तेवढंच. बाकीचं राहू द्या.

आता वेल्डरचं. दुनळीच्या नळ्या आणि मधल्या पट्ट्या कथील-शिशाच्या झाळेने जोडलेल्या असतात. ती झाळ साधारण 183 अंशांना वितळायला लागते. वेल्डिंगची उष्णता हजार अंशांच्या वर. सांध्याच्या आकड्यावर एक टाका मारला की ती उष्णता नळ्यांत चढते आणि मागच्या भागातली झाळ सुटते. बाहेरून काही दिसतही नाही. शिवाय कुठल्या लोखंडाचा कस उतरला, हे नंतर सांगता येत नाही. अशी "घट्ट केलेली" एक बंदूक माझ्याकडे आली होती. नळ्या खरंच हलत नव्हत्या. टिचकी मारली तर मडक्यासारखा आवाज, आणि पट्टी उघडली तर आतून दोन पावसाळ्यांचा गंज. सांध्याचं दुखणं सोपं होतं, उपायाने नळ्याच गेल्या.

सांधा घट्ट करायची खरी रीत सावकाशीची आहे. नळ्यांच्या आकड्याचा गोल खाचा ज्या खिळीवर फिरतो, ती खीळ झिजलेली असते. ती काढून किंचित मोठी नवी खीळ घडवून बसवायची, किंवा आकड्याच्या खाचेत पोलादाचा तुकडा बसवायचा. मग काजळी लावून मिटायचं, काळं कुठे लागतं ते बघायचं, तिथे कानशीचा एक हात, पुन्हा काजळी. दिवस दिवस जातात यात. पातळ पत्र्याची चकती घालून "सध्यापुरतं" भागवणारेही आहेत. ती चकती काही बारांत चेपते आणि सांधा होता तिथे येतो.

सांधा बसल्यावरच डाव्या खटक्याकडे बघायचं, आणि हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. तुमची बंदूक वर्णनावरून बॉक्सलॉक दिसते. अँसन आणि डीली यांनी 1875 मध्ये बर्मिंगहॅमलाच काढलेली ही रचना. यात नळ्या खाली पडतात तेव्हा पुढचं लाकूड आतल्या तरफा दाबतं आणि त्या खटके चढवतात. सांधा आणि पुढचं लाकूड झिजलं की तरफ पूर्ण दाबली जात नाही. मग एक खटका धरतो, दुसरा धरतो न धरतो. बंदूक उघडताना शेवटी नळ्या जरा जोर देऊन खाली दाबा आणि कान द्या. दोन टक ऐकू आले तर खटका शाबूत आहे, चढायला अंतर कमी पडतंय. तरीही एकच टक आला तर आतली नेमकी जागा झिजलीय किंवा तेल गोठलंय. गोठलेलं तेल ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. वर्षानुवर्षं खोबरेल सोडलेलं असतं, ते धुळीत मिसळून डिंकासारखं होतं. यंत्राला खोबरेल देऊ नका. आणि घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने ते उघडूही नका. बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा केसासारख्या बारीक असतात, जाड पातं लावलं की कायमच्या फाटतात, आणि प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकाचा असतो.

दस्ता त्यानंतर. सुताराचा पांढरा गोंद इथे धरणार नाही, कारण तड्यातलं अक्रोडाचं लाकूड तेलाने भिजलेलं आहे. बंदूक नळी वर करून उभी ठेवली की यंत्रातलं तेल उतरत उतरत दस्त्याच्या डोक्यात मुरतं. ते लाकूड काळं आणि मऊ होतं, धक्का झेलायची ताकद जाते आणि स्क्रू सैल होतात. मग प्रत्येक बाराला यंत्र लाकडावर आपटतं आणि तडा जातो. म्हणून आधी तेल काढायचं. खडूची पूड अॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की तो पिवळट होतो, झाडून पुन्हा द्यायचा. लेप पांढराच राहीपर्यंत हे चालतं, कधी आठवडा, कधी तीन. मग सावकाश सुकणारं इपॉक्सी तड्याच्या तळापर्यंत पोचवून आवळायचं आणि आतून एक-दोन बारीक पिना आडव्या घालायच्या. पितळी पट्टीची गरज पडत नाही. ती ठोकताना लाकूड आणखी फाटतं मात्र.

आजोबांनी चाकूने कोरलेली अक्षरं आणि गाल टेकून काळवंडलेला भाग तसाच ठेवा. "घासून नवी करून देतो" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. जवसाच्या तेलाचे पातळ हात पुरेत. नव्या चकाकीपेक्षा तो गालाचा डाग मला तरी जास्त मोलाचा वाटतो, आणि एकदा घासला की तो कुणालाही परत आणता येत नाही.

नळ्यांचा काळा रंग गेला असेल तर एक विचारून घ्या: रंग कसा देणार? गरम कॉस्टिकच्या हौदात बुडवून झटपट काळं करायची पद्धत एकनळीला चालते, दुनळीला नाही. कॉस्टिक झाळ खातं आणि पट्टीखाली शिरून बसतं. दुनळीला जुनीच रीत: मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळ्या पाण्यात उकळायच्या म्हणजे तांबडा गंज काळा होतो, ब्रशने मोकळं झाडायचं, आणि हे सहा-आठ वेळा. दमट हवेत हे काम उत्तम होतं. पोचा काढणं मात्र या सगळ्याच्या आधी: आत नेमक्या मापाचा पितळी ठोकळा सरकवून, बाहेरून हलक्या हातोडीने लोखंड परत वर आणायचं आणि पुन्हा जाडी मोजायची. पूर्वी कुणी बाहेरून कानस मारून पोचा लपवला असेल तर तो आता वर येतो आणि तिथलं लोखंड पातळ निघतं. म्हणून आधी नळ्या, मग सांधा, मग खटके, मग दस्ता, शेवटी रंग. नळ्या नापास झाल्या तर सांध्यावर आणि खटक्यांवर पैसे घालायची गरजच उरत नाही.

शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. बिनपरवाना वेल्डरच्या हाती ती देणं तुमच्याही अंगाशी येऊ शकतं. कुणी "पोच्याचा भाग कापून नळ्या आखूड करू" म्हणालं तर त्यालाही वेगळी परवानगी लागते. शिवाय तोंडाशी जो चोक, म्हणजे नळीचा किंचित अरुंद केलेला भाग, असतो तो जातो आणि छर्रे लवकर फाकतात. भिंतीवर टांगली तरी परवाना सुटत नाही, आणि नूतनीकरणही नाही.

वापरायची की टांगायची, याचं उत्तर मी आज देऊ शकत नाही. भिंत 25 थाऊंच्या वर, फुगवटा नाही आणि झाळ शाबूत निघाली, तर दुरुस्तीनंतर ती 65 मिलिमीटरची हलकी काडतुसं खुशाल चालवेल. खोक्यावर लांबी वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि घरात 70 ची उरली असतील तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. चेंबर कोरून 70 चं करून देतो असं सांगणारे भेटतील, पण जुन्या नळीचं तिथलंच लोखंड कमी करणं मला पटत नाही. आकडे वाईट आले तरी गंज थांबवा, दस्ता सांधा आणि ती जपा. फक्त उडवू नका, आणि पुढच्या पिढीला कळावं म्हणून तसं लिहून बंदुकीसोबत ठेवा.

तोवर ती म्यानाबाहेर काढा, पुसून पातळ तेलाचा हात द्या, आणि कुलपाच्या कपाटात नळीचं तोंड खाली करून, खाली जाड फडकं घालून उभी ठेवा. कारागिराकडून दोन्ही नळ्यांचा आतला व्यास, सगळ्यात पातळ जागेची जाडी आणि चेंबरची लांबी कागदावर लिहून घ्या. ते आकडे मिळाले की मला कळवा.